पालोची खबर

फिलिपिन्समधल्या लेयते बेटाच्या पूर्व किनाऱ्यावर, टाक्लोबान शहराच्या दक्षिणेला साधारण बारा किलोमीटरवर, पालो नावाचे गाव आहे. दुसऱ्या महायुद्धाचा इतिहास वाचलेल्यांना हे नाव कदाचित ठाऊक असेल, कारण २० ऑक्टोबर १९४४ रोजी अमेरिकी जनरल मॅकार्थर याच किनाऱ्यावर उतरला आणि जपानच्या ताब्यातून फिलिपिन्स सोडवण्याची मोहीम इथून सुरू झाली. त्याचे आणि त्याच्या सोबत्यांचे पुतळे आजही तिथे पाण्यात उभे आहेत. माझ्यासाठी मात्र पालो म्हणजे आजोळ. आई तिथली. ती परिचारिका म्हणून मस्कतला गेली, श्रीवर्धनजवळच्या गावातले माझे बाबा तिथेच एका कंपनीत हिशेब पाहत होते, आणि लग्नानंतर काही वर्षांनी आम्ही सगळे डोंबिवलीला येऊन राहिलो. माझी भाषा मराठी, शाळा मराठी, आणि चेहरा आईचा; त्यामुळे ‘तुम्ही मणिपूरच्या का?’ या प्रश्नाचे उत्तर देत मी मोठी झाले.

फिलिपिनो असणे म्हणजे काय, याचे माझ्याकडे तेव्हा एक सोपे उत्तर होते. आमच्या घरी व्हिनेगरमध्ये शिजवलेला आदोबो होतो, नाताळ जवळ आला की गॅलरीत ‘पारोल’ नावाचा चांदणीचा कंदील लागतो, आजीला लोला म्हणतात, मामाला तितो म्हणतात, आणि कोणी गावाहून आले की नारळाच्या करवंटीत भरलेले ‘बिनागोल’ नावाचे गोड येते, ते चमच्याने खरवडून खायचे असते. मैत्रिणींना हे सांगताना मला अभिमान वाटायचा आणि अजूनही वाटतो. पण हे सगळे सुखाचे आणि हाताशी असलेले होते. त्यासाठी मला कधी काही द्यावे लागले नव्हते.

वादळांच्या गोष्टीही त्याच सुखाच्या भागात मोडत. फिलिपिन्सची हवामान संस्था, पगासा, ज्या समुद्री टापूवर लक्ष ठेवते तिथे दरवर्षी सरासरी वीसेक चक्रीवादळे येतात, आणि प्रत्येकाला ती संस्था स्वतःचे, घरगुती वाटेल असे नाव देते. आईच्या लहानपणी रेडिओवर इशाऱ्याचा क्रमांक जाहीर व्हायचा. एक क्रमांकाला बालवाडी बंद, दोनला शाळा बंद, तीनला कॉलेजही बंद. म्हणून मुले दोन क्रमांकाची वाट पाहत बसायची. आजोबा छपराला दोर बांधायचे, होड्या ओढून माडांच्या आत आणल्या जायच्या, लोला तांदळाचा डबा माळ्यावर चढवायची, आणि दुसऱ्या दिवशी पडलेले नारळ गोळा करायला सगळी मुले धावायची. आईच्या तोंडून या गोष्टी ऐकताना मला वाटायचे की तिथे वादळ म्हणजे आपल्याकडच्या मुसळधार पावसाची थोडी मोठी आवृत्ती असावी.

एका वादळाविषयी मात्र ती अशी बोलत नसे. ५ नोव्हेंबर १९९१ रोजी त्याच बेटाच्या पश्चिम बाजूला असलेल्या ओर्मोक शहरात डोंगरावरून आलेल्या पुराने काही तासांत हजारो माणसे वाहून नेली. आई तेव्हा मस्कतला होती. परदेशी काम करणाऱ्या फिलिपिनो लोकांत त्या काळी पत्रांबरोबर आवाज भरलेल्या कॅसेट पाठवण्याची पद्धत होती, आणि ओर्मोकला राहणाऱ्या तिच्या मैत्रिणीचे काय झाले ते तिला लोलाच्या कॅसेटमधून कळले, घटनेनंतर बऱ्याच आठवड्यांनी. कॅसेटच्या एका बाजूला गावातल्या लग्नांच्या बातम्या होत्या आणि दुसऱ्या बाजूला हे. लांब राहणाऱ्या माणसाला तेव्हा दुःख उशिरा मिळायचे, पण पुरे मिळायचे. सांगणाऱ्याच्या आवाजात, नावानिशी आणि शेवटापर्यंत सांगितलेले. आमच्या वाट्याला २०१३ मध्ये जे आले ते नेमके याच्या उलट होते.

हैयान चक्रीवादळ, ज्याला फिलिपिन्समध्ये योलांदा म्हणतात, ८ नोव्हेंबर २०१३ रोजी पहाटे पावणेपाचच्या सुमारास सामार बेटाच्या टोकावरच्या गिवान गावापाशी जमिनीवर आले. आपल्याकडे तेव्हा रात्रीचे दोन वाजून गेले होते. आम्ही तिघेही जागे होतो. संगणकाच्या पडद्यावर उपग्रहाचे चित्र होते आणि त्यात मध्यभागी इतके रेखीव, इतके गोल छिद्र होते की पाहणाऱ्याला क्षणभर त्याच्या सौंदर्याचीच भुरळ पडावी. अमेरिकी लष्कराच्या वादळ-निरीक्षण केंद्राने वाऱ्याचा वेग ताशी ३१५ किलोमीटर असल्याचा अंदाज दिला होता. जमिनीवर आदळलेल्या वादळांत नोंदलेल्या सर्वाधिक वेगांपैकी तो एक. सात वाजता, म्हणजे आपल्या साडेचारला, वादळाचा डोळा तोलोसाला पोहोचला. तोलोसा, तानावान, पालो, टाक्लोबान ही दक्षिणेकडून उत्तरेकडे एका ओळीत, एकाच किनाऱ्यावर वसलेली गावे. आईने पडद्यावर बोट ठेवून ती ओळ मला दाखवली आणि मग बराच वेळ तिचे बोट तिथून हलले नाही.

आम्ही सगळे वाऱ्याकडे पाहत होतो. गावातली बहुतेक माणसेही वाऱ्याचीच तयारी करून बसली होती. समुद्राचे पाणी सात मीटरपर्यंत चढू शकते, असा इशारा पगासाने दिला होता, आदल्या संध्याकाळी राष्ट्राध्यक्ष आकिनो यांनीही दूरचित्रवाणीवरून लोकांना सावध केले होते. पण पिढ्यान्‌पिढ्या वादळ म्हणजे छप्पर उडणे, असेच पाहत आलेल्या माणसाने भक्कम भिंतीचा आसरा घेतला यात त्याचा दोष काढता येत नाही. लेयतेचे आखात उत्तरेकडे निमुळते होत सान पेद्रो उपसागरात शिरते, तो उपसागर उथळ आहे, आणि त्याच्या टोकाला सान हुआनिकोची चिंचोळी सामुद्रधुनी आहे. आत आलेल्या पाण्याला पसरायला जागाच नाही. आधी उत्तरेकडून वाहणाऱ्या वाऱ्याने पाणी किनाऱ्यापासून मागे ओढले, म्हणून काही जणांना समुद्र ओसरल्यासारखा दिसला. वादळाचा मध्य पुढे सरकताच वारा फिरला आणि तेच पाणी, आखातातले आणखी पाणी सोबत घेऊन, काही मिनिटांत परत आले. ज्या शाळा आसऱ्यासाठी उघडल्या होत्या त्यांतल्या कित्येक पाण्याखाली गेल्या. अधिकृत मोजणीप्रमाणे या वादळात ६,३०० माणसे मेली आणि १,००० हून अधिक बेपत्ता राहिली.

हे आकडे फार पुढचे. त्या सकाळी आमच्याकडे काहीच नव्हते. मोबाइलचे मनोरे पडले होते, वीज गेली होती, टाक्लोबानचा समुद्रात घुसलेल्या जिभेवर बांधलेला विमानतळ वाहून गेल्यात जमा होता. वाहिन्यांवर चित्रे येऊ लागली तीही शहरातली. जगाला सगळे दिसत होते आणि आम्हाला हवे ते एकच घर दिसत नव्हते. मग आम्ही चित्रफिती थांबवून पाहायला लागलो. वार्ताहर काय बोलतो याकडे आमचे लक्ष नसे. त्याच्या खांद्यामागे काय आहे ते आम्ही बघायचो. एका चित्रात पालोच्या कॅथीड्रलचे छप्पर गेलेले दिसले. आईचा बाप्तिस्मा तिथे झाला होता. ती म्हणाली, “भिंती आहेत. भिंती उभ्या आहेत.” आणि तिने त्या चित्रातून घरापर्यंतचा रस्ता मनातल्या मनात चालून पाहिला, इथून बाजार, मग पूल, मग डावीकडे भाताची शेते, मग माड. पुलापर्यंत चित्र होते. पुढे नव्हते.

तिसऱ्या प्रकारची चित्रे होती ती याद्यांची. कोणी नगरपालिकेच्या, कोणी चर्चच्या भिंतीवर चिकटवलेल्या हाताने लिहिलेल्या याद्या मोबाइलवर टिपून फेसबुकवर टाकत होते. जिवंत असलेल्यांच्या याद्या. वहीचे रेघी पान, ओल्या हातांनी पुसट झालेली शाई, मध्येच आडवी पडलेली सावली. त्यांत आपले माणूस शोधणे फार कठीण होते, आणि त्याचे कारण दीडशे वर्षांहून जुने आहे. १८४९ मध्ये स्पॅनिश गव्हर्नर क्लाव्हेरियाने कर आणि जनगणनेच्या सोयीसाठी फिलिपिनो कुटुंबांना एका छापील यादीतून आडनावे वाटून दिली. त्यामुळे नात्याचा काही संबंध नसलेली कितीतरी कुटुंबे आजही एकच आडनाव लावतात, आणि नावे संतांची असल्याने तीही पुनःपुन्हा येतात. मामाचे नाव आणि आडनाव जसेच्या तसे आम्हाला वेगवेगळ्या याद्यांत सापडले. प्रत्येक वेळी आई आधी देवाचे आभार मानायची आणि मग वय पाहायची. वय जुळत नसे. कोणा दुसऱ्याच्या घरी त्या नावाने दिवा लागला असेल, असे म्हणून ती पुढचे पान उघडायची, आणि मला तिच्या त्या म्हणण्याचे तेव्हाही आश्चर्य वाटले होते, आजही वाटते.

खबर शेवटी आली ती एका अनोळखी क्रमांकावरून. तितो पालोहून टाक्लोबानपर्यंत चालत गेला होता. वाटेत झाडे, तारा, पत्रे आणि मृतदेह होते. शहरात मदत पथकांनी फोन चार्ज करण्याची आणि संदेश पाठवण्याची सोय केली होती, तिथल्या रांगेत त्याने कोणाचा तरी फोन मागून घेतला. संदेश वाराय भाषेत होता: ‘बुही कामी’, आम्ही जिवंत आहोत, आणि पुढे नावे. लोला, तो स्वतः, त्याची बायको, मुले. लोलाला त्याने शेजारच्या पक्क्या घराच्या वरच्या मजल्यावर खांद्यावरून नेले होते. आईने नावे मोजली, परत मोजली. धाकट्या मावशीचे नाव त्यात नव्हते. संदेशात तिच्याविषयी एक शब्दही नव्हता, आणि विसरून राहावे असे ते नाव नव्हते. मावशी किनाऱ्याजवळ राहत होती आणि आदल्या रात्री, घराला कुलूप लावून उद्या सकाळी येते, असे म्हणाली होती.

त्याच आठवड्यात, ११ नोव्हेंबरला, वॉर्सात हवामान बदलावरची संयुक्त राष्ट्रांची परिषद सुरू झाली. फिलिपिन्सचे प्रतिनिधी येब सान्यो बोलायला उभे राहिले. त्यांच्या वडिलांचे गाव टाक्लोबान. आपला भाऊ वाचला आहे आणि स्वतःच्या हातांनी मृतदेह गोळा करतो आहे, एवढे त्यांना कळले होते. बाकीच्या नातलगांचे काय, ते ठाऊक नव्हते. त्यांनी सभागृहात डोळे पुसले आणि ठोस काही ठरेपर्यंत परिषदेच्या काळात अन्न घेणार नाही असे जाहीर केले. त्यावर पुढे बरेच लिहिले गेले; भावनेला हात घालणे हे मुत्सद्द्याचे काम नव्हे, असेही काहींनी म्हटले. मला त्या भाषणात मुत्सद्दी दिसलाच नाही. मला परदेशातल्या खोलीत, चांगल्या कपड्यांत, पोटभर जेवण समोर असताना, आपल्या माणसांची यादी अर्धवट घेऊन उभा असलेला माणूस दिसला. आमच्या घरात त्या वेळी असाच एक माणूस स्वयंपाकघरात उभा होता. सान्यो जे बोलले त्याचे विज्ञान पक्के होते की नाही याची चर्चा व्हायला हवीच. तापलेला समुद्र वादळांना अधिक बळ देतो आणि चढलेली समुद्रपातळी पाण्याच्या लोंढ्याला आणखी आत ढकलते, हे आता कोणी नाकारत नाही. पण त्यांनी अन्न सोडले त्याचा अर्थ समजायला विज्ञान लागत नव्हते.

मला जे मुख्यतः सांगायचे आहे ते इथून पुढचे आहे. लांबून संकट पाहण्याविषयी लिहिताना माणसे बहुधा त्या पहिल्या काही दिवसांविषयी लिहितात. दूरचित्रवाणीसमोरची असहायता, झोप न लागणे, न लागणारे फोन. ते सगळे खरे आहे, पण तो या पाहण्याचा सर्वांत छोटा भाग आहे. वार्ताहर परत जातात तेव्हा परक्याचे पाहणे संपते. ज्याचे तिथे कोणी आहे त्याचे पाहणे तेव्हा सुरू होते आणि ते वर्षानुवर्षे चालते. मी फिलिपिनो आहे हे मला आदोबोने किंवा चांदणीच्या कंदिलाने शिकवले नाही. ते मला त्या पुढच्या वर्षांनी शिकवले.

आईची चुलतबहीण अबूधाबीत घरकाम करते. सुमारे एक कोटी फिलिपिनो देशाबाहेर राहतात, आणि त्यांनी घरी पाठवलेल्या पैशांवर त्या देशाचा मोठा गाडा चालतो. पैशांइतकीच महत्त्वाची असते ती ‘बालिकबायान’ पेटी. कमरेइतक्या उंचीचे पुठ्ठ्याचे खोके, जे महिनोन्‌महिने घराच्या कोपऱ्यात उघडे असते, पगार झाला की त्यात साबण, टूथपेस्ट, टॉवेल, डब्यातले मांस, चॉकलेट, मुलांचे बूट भरले जातात, आणि गच्च भरले की चिकटपट्टीने बांधून जहाजाने रवाना होते. त्या नोव्हेंबरात या अबूधाबीच्या मावशीच्या अर्ध्या भरलेल्या खोक्यातून चॉकलेट आणि सुगंधी साबण बाहेर काढले गेले. त्यांच्या जागी गेले खिळे, हातोडी, करवत, नायलॉनचा दोर, ताडपत्री, विजेऱ्या, पाणी शुद्ध करण्याच्या गोळ्या, अंतर्वस्त्रे आणि स्त्रियांचे पॅड. शेवटच्या दोन गोष्टी मदत वाटणाऱ्यांच्या याद्यांत नव्हत्या. त्या घरच्या बाईलाच सुचतात. आईने फोनवरून एकेक वस्तू सांगितली आणि मी वहीत लिहून घेतली. ती वही अजून चालू आहे.

तितोची माडांची बाग पूर्ण झोपली होती. संपूर्ण पट्ट्यात ३ कोटींहून अधिक माड पडले किंवा निकामी झाले, असा अंदाज होता. माड पडला म्हणजे काय, हे नोकरदार घरात वाढलेल्या मला कळले नव्हते. बाबांना लगेच कळले. त्यांनी नकाशा बाजूला सारला आणि विचारले, “त्यांचं पोट खोबऱ्यावर आहे ना?” भात एका हंगामात परत येतो. मासेमारी होडी मिळाली की सुरू होते. नवा माड लावला तर फळ धरायला सहा ते आठ वर्षे लागतात. म्हणजे २०१३ मध्ये शाळेत असलेल्या माझ्या मामेभावाचे सगळे शिक्षण त्या रिकाम्या वर्षांत बसत होते. पडलेल्या माडांच्या फळ्या कापल्या गेल्या, त्यांतून घरे उभी राहिली, मधल्या जागेत मका, केळी आणि भाजीपाला लागला; पण खोबऱ्याचा पैसा थांबला तो थांबलाच. जगाच्या लेखी वादळ तीन आठवड्यांत संपले होते. आमच्या वहीत ते त्या माडांना पहिली फळे धरेपर्यंत चालू होते.

धाकटी मावशी सापडली नाही. फिलिपिन्सच्या नागरी कायद्यानुसार जिवाला धोका असलेल्या प्रसंगात नाहीसा झालेला माणूस चार वर्षे सापडला नाही, तर त्याला मृत मानता येते. ती चार वर्षे तिच्या नावावरची जमीन, तिच्या मुलाचे कागद, तिच्यासाठी घालायची प्रार्थना, सगळे अर्धवट राहिले. चर्चमध्ये तिचे नाव मृतांत वाचायचे की संकटात असलेल्यांत, यावर लोला आणि तितो यांच्यात कडवट वाद झाला आणि तो वाद मिटवायला फोन आईला येत असे, कारण लांब असलेल्याचा शब्द दोघेही मानत. पालोच्या सान होआकीन भागात चर्चच्या पुढ्यातच सामूहिक दफन झाले. टाक्लोबानला बास्परच्या दफनभूमीत हजारो पांढरे क्रूस एका रांगेत लागले. कोणत्या क्रूसाखाली कोण आहे ते कोणालाच ठाऊक नसल्याने घरच्यांनी एकेक क्रूस निवडून त्यावर नाव लिहिले. लोलाने कडेचा क्रूस निवडला, पावसात उभे राहायला बाजूला थोडी जागा आहे म्हणून. या साध्या हिशेबाने मी जितकी हलले तितकी कुठल्याही छायाचित्राने हलले नाही.

फिलिपिनो लोकांच्या सोशिकपणाचे जगभर कौतुक होते. संकटातही हसणारी माणसे, गुडघाभर पाण्यात बास्केटबॉल खेळणारी मुले. या कौतुकाचा मला राग येतो, आणि फिलिपिन्समधल्या अनेकांनाही आता तो येऊ लागला आहे. हसणे हा त्यांचा स्वभाव आहे आणि तो सुंदर आहे, पण त्याचा उपयोग प्रश्न न विचारण्यासाठी केला जातो. किनाऱ्यापासून ४० मीटरच्या आत घरे बांधायची नाहीत असे जाहीर झाले आणि मासेमारांना टाक्लोबानच्या उत्तरेला वसाहती देण्यात आल्या. तिथे घर होते, पण नळाला पाणी यायला वर्षे लागली आणि समुद्र, म्हणजे रोजगार, मैलोगणती दूर राहिला. मग काही जण परत किनाऱ्यावर आले. त्यांना सोशिक म्हणणे सोपे आहे. त्यांना पर्याय दिला नाही, असे म्हणायला कोणाला तरी जबाबदार धरावे लागते.

शिवाय या किनाऱ्याला हे नवे नव्हते. ऑक्टोबर १८९७ मध्ये अशाच वादळाने सामार आणि लेयतेवर समुद्र चढवला होता आणि मनिलाच्या वेधशाळेतले जेझुइट पाद्री होसे आल्गुए यांनी त्याचा सविस्तर अभ्यास लिहून ठेवला होता. १९१२ मध्ये पुन्हा एका वादळाने टाक्लोबानमध्ये हाहाकार केला. म्हणजे पाणी येते हे लिहिलेले होते. फक्त ते ज्यांना सांगायला हवे होते त्यांच्या घरांपर्यंत पोहोचले नव्हते. लोलाच्या आईला १९१२ आठवत असणार. लोलाला विचारले तर ती म्हणते, “आई पाण्याचं काही बोलायची खरी, पण आम्हाला वाटायचं भीती घालते.”

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या किनाऱ्यावर आले. टाळेबंदीचे दिवस होते, जाता येत नव्हते. या वेळी पडद्यासमोर बाबा बसले होते. आत्याचा फोन लागत नव्हता. हैयानच्या मानाने हे वादळ फार लहान. माणसे सुदैवाने फारशी गेली नाहीत. पण वाड्या गेल्या. रोठा सुपारीच्या पोफळी काडेपेटीतल्या काड्यांसारख्या मोडून पडल्या, त्यांच्यावर माड आडवे झाले आणि गावात कित्येक आठवडे वीज नव्हती. आत्याचा आवाज पहिल्यांदा ऐकू आला तेव्हा बाबा रडू लागले आणि त्यांना काय विचारावे ते सुचेना. आईने फोन हातात घेतला. ‘तुम्ही बऱ्या आहात ना वन्सं?’ एवढे विचारून तिने सरळ पुढचे विचारले: विहिरीत झावळ्या पडल्या आहेत का, पाणी उकळून पिता का, ताडपत्री किती लागेल, कौले मिळेपर्यंत पत्रे घालता येतील का. आणि मग तिने सांगितले की पडलेले माड तसेच कुजू देऊ नका, लवकर कापून हलवा, नाहीतर त्यात गेंड्या भुंगा अंडी घालेल आणि जे उभे आहेत तेही खाईल. हे तिला तितोकडून कळले होते. लेयतेत वादळानंतर हीच धावपळ झाली होती. आत्या नंतर म्हणाल्या की शेतकी खात्याची माणसे तेच सांगायला आली, पण त्याआधी वहिनींनी सांगितले होते.

त्या दिवसापासून आमच्या वहीत श्रीवर्धनची पाने जोडली गेली.

हैयाननंतर वर्षभराने, ६ डिसेंबर २०१४ रोजी, हागुपित नावाचे मोठे वादळ पुन्हा सामारवर आले. या वेळी १० लाखांहून अधिक लोक आधीच हलले होते आणि जीवितहानी त्या मानाने फारच थोडी झाली. लोला आदल्या दुपारीच टाक्लोबानच्या आतल्या भागात नातलगांकडे गेली होती, तिला कोणी समजवावे लागले नव्हते. १७ जानेवारी २०१५ रोजी पोप फ्रान्सिस टाक्लोबानच्या विमानतळावर आले तेव्हाही एक वादळ जवळ आले होते. त्यांनी इतर सगळ्यांसारखाच पिवळा रेनकोट घालून प्रार्थना घेतली आणि वादळामुळे ठरलेल्या वेळेच्या आधी त्यांना परतावे लागले. लोला त्या गर्दीत होती. तिने मावशीचे छायाचित्र प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून नेले होते.

आता लोला नव्वदीला आली आहे आणि तिचा हट्ट उलट्या दिशेने सुरू झाला आहे. शाळेत जाऊन जमिनीवर झोपणे गुडघ्यांना सोसत नाही, म्हणून ती घर सोडायला तयार नसते. डिसेंबर २०२१ मध्ये राय वादळ बेटाच्या दक्षिण टोकाकडे येत असताना तितोला तिला जवळजवळ उचलून न्यावे लागले. त्यानंतर आई, तितो आणि अबूधाबीची मावशी यांच्यात बराच काळ चर्चा चालली आणि शेवटी असे ठरले की लोलाला हलवण्याऐवजी घरच वर न्यायचे. खाली सिमेंटचे खांब, वर एक पक्की खोली, खोलीत पाण्याची टाकी आणि औषधांचे कपाट. मी वहीत तिच्या रक्तदाबाच्या गोळ्यांची नावे, शेजारच्या दोन घरांचे क्रमांक आणि होडी असलेल्या पुतण्याचा क्रमांक लिहून ठेवला आहे. पगासाचे इशारे आता आईच्या आधी मी उघडते, आणि वाऱ्याच्या आकड्याच्या आधी पाणी किती चढेल तो नकाशा पाहते. खोली झाली आहे. जिना मात्र अरुंद आणि उभा झाला आहे, त्याला कठडा नाही, आणि लोला तो एकटी चढू शकत नाही. सुताराने माडाच्या जुन्या फळ्यांतून कठडा करून देतो असे म्हटले आहे, आईला तो लोखंडी हवा आहे, आणि मोठी वादळे ऑक्टोबरनंतर येतात म्हणून सप्टेंबरच्या आत तो बसला पाहिजे, एवढ्यावर मात्र सगळ्यांचे एकमत आहे.